मास्तर उठतात कधी? पटकथेतल्या कर्त्या नायकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण एकमेकांच्या पटकथा वाचायला बसतो. विटा, तासगाव, जत, पलूस, कधीकधी कऱ्हाडहूनही माणसं येतात. ज्यांना येता येत नाही ते व्हॉट्सॲपवर पानं पाठवतात आणि मागोमाग प्रश्न. त्यातले निम्मे प्रश्न एकाच दुखण्याचे असतात: नायक गोष्टीत आहे, पण गोष्ट त्याच्यामुळे घडत नाही. तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून हे पान. खाली जिथे ‘नायक’ म्हटलंय तिथे नायिकाही धरावी.

१. ‘कर्ता नायक’ म्हणजे नेमकं काय?

शाळेतलं व्याकरण आठवा: कर्ता, कर्म, क्रियापद. तुमच्या गोष्टीतल्या मोठ्या वळणांची एकेक ओळीची वाक्यं लिहा आणि नायक कर्त्याच्या जागी बसतो की कर्माच्या, ते बघा. कर्त्या नायकाला काहीतरी हवं असतं. ते मिळवायला तो पाऊल उचलतो, त्या पावलानं परिस्थिती बदलते (बहुतेक वेळा बिघडते), आणि त्या बिघडलेल्या परिस्थितीतून त्याचं पुढचं पाऊल निघतं. तो जिंकलाच पाहिजे, शूर असलाच पाहिजे, चांगला असलाच पाहिजे, असं काही नाही.

हे परदेशी खूळ आहे, असं एकजण दर पावसाळ्यात लिहून पाठवतो. त्याच्यासाठी: भरताच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. आरंभात फळाची ओढ लागते आणि लगेच दुसऱ्या पायरीवर ‘प्रयत्न’ येतो. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ पटकथा आरंभावरून उडी मारून थेट फलागमाला पोहोचतात. मधला प्रयत्न गावकरी करतात, नाहीतर देव.

२. माझा नायक चार मारामाऱ्या करतो, दोनदा गाव सोडतो, तरी तुम्ही त्याला निष्क्रिय कसं म्हणता?

धावपळ म्हणजे कर्तेपण नव्हे. चारही मारामाऱ्यांत पहिला हात कोणी टाकला ते मोजा. गुंड आले म्हणून तो लढला, पोलीस आले म्हणून पळाला, आईचा फोन आला म्हणून परतला. प्रत्येक वेळी गोष्टीनं त्याला ढकललंय. उलट, खुर्चीत बसून एक फोन लावणारा माणूस कर्ता असू शकतो, जर त्या फोनमुळे पुढचे तीन सीन उभे राहत असतील. नायकाला सीनमधून काढून टाकून पाहा. सीनचा शेवट तोच राहिला, तर तो तिथे नुसता हजर होता.

३. वन लाइनवरूनच नायक निष्क्रिय आहे हे तुम्ही कसं ओळखता?

‘ला’ मोजून. (वन लाइन म्हणजे गोष्टीचा सात-आठ वाक्यांतला गोषवारा.) ही आमची घरगुती चाचणी आहे, पण मराठीत लिहिणाऱ्याला तिच्याइतकी उपयोगी दुसरी मला सापडलेली नाही.

मराठीत पुष्कळ गोष्टी माणूस करत नाही, त्या त्याच्याकडे येतात. त्याला राग येतो, त्याला भूक लागते, त्याला आठवतं, त्याला कळतं, त्याला वाटतं, त्याला सुचतं. बोलताना यात काही वावगं नाही, उलट गोडवाच आहे. पण वन लाइन लिहिताना ही सवय नायकाला हळूच कर्त्याच्या जागेवरून उठवते आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आलेल्या पानांवरून बेतलेला हा नमुना वाचा:

“तासगावात बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या एका तरुणाला मालकाची मुलगी भेटते. त्याला ती आवडू लागते. मालकाला हे कळतं. तरुणाला मारहाण होते. त्याला गाव सोडावं लागतं. शेवटी त्याला प्रेमाचा खरा अर्थ समजतो.”

सहा वाक्यं, सहाही ठिकाणी ‘ला’. त्यात मालकाचाही एक. म्हणजे मालकसुद्धा काही करत नाही, त्यालाही नुसतं कळतंच. मग मारहाण करतंय कोण?

आता हीच गोष्ट ‘ला’ काढून लिहू. “तासगावात बेदाण्याच्या शेडवर काम करणारा तरुण मालकाच्या मुलीसाठी रीतसर मागणी घालतो, तीही सौद्याच्या दिवशी, चार व्यापाऱ्यांदेखत. मालक त्याचं काम बंद करतो. तो समोरच्याच शेडवर नोकरी धरतो आणि मालकाची दोन गिऱ्हाइकं तिकडे ओढतो.” गोष्ट चांगली झाली असा दावा नाही. पण आता हा मुलगा कोण आहे ते दिसतं (थोडा आगाऊ आहे), आणि मालक यापुढे गप्प बसणार नाही हेही.

सगळे ‘ला’ हुसकावू नका. गोष्टीचा पहिला धक्का नायकाला बसू शकतो, त्याबद्दल प्रश्न ५ पाहा. आणि भूतकाळात लिहिलंत तर ‘त्याने’ येईल. व्याकरणाचे सर त्याला कर्मणी प्रयोग म्हणतील. आपल्या हिशेबात तो कर्ताच.

४. माझ्या नायकाला न्याय हवाय / सुख हवंय / स्वतःची ओळख हवीय. एवढं पुरत नाही का?

ओळख कॅमेऱ्यात येत नाही. न्याय कुठल्या टेबलावर, कुठल्या कागदाच्या रूपात मिळणार आहे ते सांगा.

खानापूर-आटपाडीकडची शेकडो कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी) देशभर पांगलेली आहेत. त्यामुळे ‘गलाईला गेलेला मुलगा’ ही गोष्ट आमच्याकडे सतत येते, आणि त्यात मुलाला बहुधा ‘मोठं व्हायचं’ असतं. मोठं म्हणजे केवढं? त्याला दिवाळीच्या आत मामाच्या दुकानातून बाहेर पडून स्वतःची भट्टी लावायची आहे, असं म्हटलं की गाडी हलते. भट्टीला जागा लागते, भांडवल लागतं, पहिलं गिऱ्हाईक लागतं, आणि तिन्ही मामाच्या ताब्यात आहेत. मोठं होणं, ओळख, बापाचा अपमान धुऊन काढणं, हे सगळं त्या भट्टीच्या आत आपोआप येतं. ते संवादात बोलून दाखवावं लागत नाही.

‘फँड्री’तल्या (२०१३) जब्याला काय हवंय? काळी चिमणी. तिच्यामागे केवढं दुखणं आहे ते आपल्याला कळतं, पण त्याच्या हातात गलोल असते आणि डोळे झाडावर.

५. नायकानं पहिल्या पानापासूनच काहीतरी करायला हवं का? कितव्या पानापर्यंत सवलत आहे?

नेहमीच्या मांडणीत पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट धरतात. दोन तासांच्या सिनेमात सुरुवातीची दहा-पंधरा पानं नायकाचं रोजचं जगणं दाखवायला मिळतात. मग पहिला धक्का बसतो, आणि तो बाहेरून आला तरी चालतो: नोटीस येते, बाप जातो, बदली होते. त्यानंतर पटकथेचं पंचविसावं-तिसावं पान येईपर्यंत नायकानं स्वतःहून असं काहीतरी करावं की जे सहजासहजी मागे घेता येणार नाही.

‘रोजचं जगणं’ म्हणजेही नुसतं बसणं नव्हे. लहान पाऊल तिथेही असू शकतं: बसमध्ये खिडकीची जागा मिळवणं, उधारी चुकवायला मागच्या गल्लीनं जाणं. माणूस काय करतो यावरून तो पहिल्या पानावर कळतो.

माझी स्वतःची पहिली पटकथा याच खड्ड्यात पडली. मिरजेचे एक निवृत्त मास्तर, कृष्णेचा घाट, आठवणी. एक्केचाळीस पानं मास्तर घाटाच्या पायरीवर बसून होते. मला ते फार काव्यमय वाटत होतं. पुण्यात एका निर्मात्यानं ती वाचली, चहा मागवला आणि विचारलं, “हे मास्तर उठतात कधी?” मी तेव्हा त्यांना अरसिक ठरवून सांगलीची गाडी पकडली. किर्लोस्करवाडी येईपर्यंत उत्तर शोधत होतो. मिळालं नाही. मास्तर उठतच नव्हते.

६. नुसतं सांगू नका, एकच सीन आधी आणि नंतर असा करून दाखवाल का?

दाखवतो. विषय सांगलीचाच, हळदीचा. शेतकरी बाप, त्याची शिकलेली मुलगी, मार्केट यार्डातलं अडत दुकान. बापानं अडत्याकडून उचल घेतली आहे आणि माल त्याच्याकडेच आणला आहे. पहिला ड्राफ्ट असा होता:

*अडत दुकान. आत. सकाळ. नाना हळदीच्या थप्पीला टेकून बसलेत. अडते हिशेबाची पट्टी पुढे करतात. नाना पट्टीकडे बघत राहतात. डोळे भरून येतात. मुलगी हे पाहते. तिच्याही डोळ्यांत पाणी. करुण संगीत.*

सीन खोटा नाही, असं होतंच. पण सीन संपल्यावर परिस्थिती आधी होती तशीच आहे, फक्त ओली. आता दुसरा ड्राफ्ट:

*नाना सही करायला पेन घेतात. मुलगी पट्टी ओढून घेते. तोलाई, हमाली, व्याज… बोटानं ओळी खाली-वर करते.*

*मुलगी: उचलीचं व्याज दोनदा धरलंय.*

*अडते: एक औंदाचं, एक मागल्या सालचं. तुझ्या बापाला ठाव हाय.*

*मुलगी नानांकडे बघते. नाना पेनाचं टोपण लावतात, काढतात.*

*मुलगी (हमालाला): मामा, पोती परत गाडीत भरा.*

*हमाल: भरतो की. पर हमाली दुसऱ्यांदा पडंल, ताई.*

*मुलगी: पडू दे.*

*नाना (हळू): डिझेलला पैसं न्हाईत, पोरी.*

*मुलगी (हमालाला): एक पोतं खालीच ठेवा. ते समोरच्या दुकानात विकू. हमाली अन् डिझेल त्यातनंच.*

*अडते पहिल्यांदाच खुर्चीतून उठतात.*

यात कुणी रडलेलं नाही. काय काय झालं ते बघा. बापानं मागच्या वर्षीही उचल घेतली होती आणि घरी लपवली होती, हे तिनं पट्टी ओढली म्हणून बाहेर आलं. समोरच्या दुकानात तिला काय भाव मिळतो, हा पुढचा सीन तिनंच तयार केला. अडत्याचा चारचौघांत अपमान झाला, म्हणजे तो संध्याकाळी उचलीचे पैसे मागायला दारात उभा राहणार. आणि तिला किंमतही मोजावी लागली, एका पोत्याची. निर्णय फुकटात असेल तर तो निर्णय वाटत नाही.

नानांच्या पेनाच्या टोपणाबद्दल एका सभासदानं विचारलं, हे निष्क्रिय नाही का? आहे. नाना निष्क्रियच आहेत. गोष्ट मुलीची आहे.

७. माझी गोष्ट महापुराची आहे. पुरापुढे नायक काय करणार?

आमच्याकडे येणाऱ्या पटकथांत कृष्णा वर्षभर दुथडी भरून वाहते. २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही पूर ज्यांनी अंगावर काढले, त्यांनी लिहू नये तर कोणी? पण पूर हा सगळ्यात कर्ता असतो. पाणी चढतं, माणसं पळतात, बोट येते, पाणी उतरतं. नायक फक्त भिजतो.

यावर एक साधी युक्ती आहे, आणि ती सांगलीकराला शिकवावी लागू नये. पावसाळ्यात आपण सकाळी उठून पहिलं काय विचारतो? “आयर्विनला किती फूट झालं?” म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं. चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. हे आकडे म्हणजे तुमच्या पटकथेचं घड्याळ. पूर थांबवणं नायकाच्या हातात नाही. कितव्या फुटाला काय करायचं, ते मात्र त्याच्याच हातात आहे.

समजा, नदीकाठच्या गावातली एक बाई. अडतीस फुटांना ती जनावरं सोडून रस्त्याला लावते, नवरा चिडतो, “एवढ्यात कशाला?” बेचाळिसाला ती शेजारच्या म्हातारीला उचलून न्यायला जाते आणि म्हातारी दार लावून घेते. पंचेचाळिसाला शेवटचा ट्रॅक्टर निघतो, तिनं त्यात म्हातारीचा हट्ट मोडून तिला बसवायचं की स्वतःच्या मुलीचं दहावीचं दप्तर आणायला माघारी जायचं? पाणी दर तासाला तेच करतंय, चढतंय. गोष्ट तिच्या निवडीतून बनते. दुष्काळ, साथीचा रोग, रस्त्याचं भूसंपादन, यांनाही हेच लागू.

८. योगायोग चालतो का?

नायकाला अडचणीत टाकणारा चालतो. सोडवणारा चालत नाही. मुलगी पळून जाताना एसटीत नेमके काकाच भेटले, तर प्रेक्षक पुढे सरकून बसतो. पैशांची नड असताना वडिलांच्या ट्रंकेत जुनं पासबुक सापडलं, तर तो मोबाईल काढतो. पासबुक हवंच असेल, तर ते मिळवण्यासाठी नायकाला ट्रंक फोडायला लावा, आणि ट्रंकेची किल्ली आईच्या कमरेला असू द्या.

९. “आमच्या भागातली बाई असं करत नाही.” सोसणारी नायिका कर्ती कशी करायची?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा पुरुषांकडून. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात ‘कर्ती’ म्हणजे कानाखाली मारणारी, मोटारसायकल चालवणारी बाई असते. तशी लिहायची तर लिहा, पण तिची गरज नाही.

ज्या बाईला दारातून बाहेर पडायला कारण लागतं, तिच्याकडे कारणं तयार करण्याची कला असते. तीच तिची कृती. एक उदाहरण रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून रचलं होतं. आटपाडीकडची एक सून. तिला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा आहे, फॉर्म मिरजेत भरायचा आहे. घरात विषय काढायची सोय नाही. ती काय करते? सासूच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागते. आठ दिवस रोज थोडं थोडं. शेक देते, तेल लावते, आणि “मिरजेला दाखवायला पायजे, इथल्या गोळ्यांनी भागायचं न्हाई,” हे दिराकडून वदवून घेते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कुणाला शंका येत नाही. सासू तपासणीच्या रांगेत बसते आणि ही “पाणी आणते” म्हणून फॉर्म भरून येते. परतीच्या एसटीत सासू खिडकीबाहेर बघत म्हणते, “पाणी लई लांबचं आणलंस.”

या बाईनं आवाज चढवला नाही, उंबरठा कुणाच्या परवानगीशिवाय ओलांडला नाही, आणि तरी अख्खा पहिला भाग तिनं स्वतः चालवला. शिवाय सासू आता तिची शत्रू होणार की साथीदार, हे प्रेक्षकाला घरी जाईपर्यंत छळेल.

वटपौर्णिमेला दोरे गुंडाळताना जी सावित्री आठवतात ती सोशिक पतिव्रता. मूळ कथेतली सावित्री यमाच्या मागे चालत जाते, त्याला बोलण्यात गुंतवते आणि एकेक वर काढून घेते, तेही असे शब्द वापरून की शेवटी नवरा परत दिल्यावाचून यमाला गत्यंतर उरत नाही. आपल्याकडच्या कर्त्या नायिकांत ती वरच्या रांगेत बसेल.

सोसणं दाखवायचंच असेल, तर सोसण्याचा निर्णय दाखवा. त्याबद्दल प्रश्न ११.

१०. नायक लहान मूल आहे / अंथरुणाला खिळलेला आहे. तो कर्ता होऊ शकतो का?

होतो, आणि बऱ्याचदा धडधाकट नायकापेक्षा लिहायला सोपा जातो, कारण त्याच्या प्रत्येक हालचालीला किंमत असते. ‘रिअर विंडो’ (१९५४) या सिनेमाचा नायक पाय प्लास्टरमध्ये घालून सगळा वेळ खोलीत आहे. तो खिडकीतून बघतो, संशय घेतो, चिठ्ठी धाडतो, फोन करतो, दुसऱ्यांना कामाला लावतो, आणि खुनी अंगावर येतो तेव्हा हातातल्या फ्लॅशबल्बांनी त्याचे डोळे दिपवतो. बिछान्यातल्या आजोबांच्या हाताला काय काय लागतं, ते आधी लिहून काढा: काठी, घंटी, मोबाईल, नातू. मूल असेल, तर त्याची योजना चुकीच्या माहितीवर उभी करा. मुलं अर्धवट ऐकतात आणि पूर्ण जोमानं कामाला लागतात.

११. नायकानं ‘काहीच करायचं नाही’ असं ठरवलं तर?

ठरवलं असेल तर ती कृतीच. फरक ओळखायची खूण अशी: न करण्यासाठी त्याला जोर लावावा लागतो का? जमिनीच्या कागदावर सही करायला अख्खी भावकी मागे लागली आहे आणि थोरला भाऊ सही करत नाही. मोबाईल बंद ठेवतो, पाहुणे आले की मागच्या दारानं रानात जातो, जेवायला बोलावलं तर डबा घेऊन जातो. हा माणूस भयंकर कर्ता आहे. जो नुसता “बघू” म्हणून कट्ट्यावर बसतो, तो नाही.

१२. माझा खलनायकच जास्त कर्ता झालाय. काय करू?

आधी एकदा स्वतःला विचारा, गोष्ट त्याचीच तर नाही ना? तसं नसेल, तर त्याची एक चाल काढून घ्या आणि नायकाला द्या. साखर कारखान्याच्या निवडणुकीच्या पटकथेत चेअरमन पॅनेल फोडतो, सभासदांची यादी बदलतो, आणि नायक हे सगळं वर्तमानपत्रात वाचतो. यादी नायकानं आधी मिळवली असती तर? मग चेअरमनला प्रतिक्रिया द्यावी लागली असती.

१३. माझ्या आजोबांची खरी गोष्ट आहे. ते मुख्य माणूस नव्हते, पण मी खोटं कसं लिहू?

वाळवा, पलूस, कडेगावकडून हा प्रश्न येतो. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते १९४६च्या दरम्यान, आजोबा भूमिगतांना भाकरी पोचवायचे, निरोप न्यायचे. लेखक काय करतो? क्रांतिसिंह नाना पाटलांचं भाषण लिहितो आणि आजोबांना गर्दीत उभं करतो. मग आजोबा पडद्यावर फक्त टाळ्या वाजवतात.

इतिहासातली मोठी घटना आजोबांनी घडवली, असं लिहू नका. ते खोटं होईल. पण भाकरी पोचवणाऱ्याला त्याचं स्वतःचं काम होतं. ज्या रात्री नाकाबंदी होती त्या रात्री तो कुठल्या वाटेनं गेला? घरात दळण नव्हतं तेव्हा पीठ कुणाकडून आणलं, आणि काय सांगून? मधलं तपशिलाचं काम तुम्हाला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून भरावं लागेल. “काय झालं?” असं विचारलंत तर ते इतिहास सांगतील. “तुम्ही मग काय केलंत?” असं विचारा.

खऱ्या आयुष्यात कर्ता नायक कसा दिसतो याचा नमुना हवा असेल तर दादासाहेब फाळके. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला जातात. पैसा लावणारा तयार होईना, तर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून त्याची छोटी फिल्म करून दाखवतात. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तर हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवतात. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लागतो. प्रत्येक ‘मिळेना’ला लागून एक ‘तर’ आहे. तुमच्या वन लाइनमध्ये असे ‘तर’ किती, ते मोजा.

१४. व्हॉइसओव्हरमधून नायकाच्या मनातलं सांगितलं तर तो कर्ता वाटतो का?

नाही. तो बोलका वाटतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्याबरहुकूम सोंग वठवायची. मराठी नाटक तिथून फार पुढे आलं. तुमचा व्हॉइसओव्हर त्या सूत्रधाराचं काम करत असेल, तर तो काढून पाहा आणि सीन उभा राहतो का बघा. फ्लॅशबॅक आणि स्वप्नांनाही हाच नियम.

१५. नायक एक नाही, अख्खा गट आहे: भजनी मंडळ, बचत गट, कबड्डीचा संघ. मग?

गटाला एकच गोष्ट हवी असू द्या, पण ती मिळवण्याच्या रीतीवर त्यांचं पटू नये. मग पाळीपाळीनं एकेकजण पुढाकार घेतो आणि प्रत्येकाची चूक पुढच्याच्या वाट्याला येते. सगळे एकदम “चला!” म्हणत निघाले, की पडद्यावर मिरवणूक दिसते.

१६. मला नायक मुद्दाम निष्क्रियच ठेवायचा आहे. बंदी आहे का?

नाही. काही उत्तम चित्रपट अशाच माणसांवर उभे आहेत. पण तिथे लेखकाला माहीत असतं की हा माणूस हलत नाही हाच विषय आहे, आणि मग भोवतालचं जग दुप्पट कर्तं असतं. त्याला हलवायला प्रत्येकजण येतो, दर वेळी दार थोडं उघडतं, आणि तो ते आतून लावतो. न हलण्याची किंमत पानागणिक वाढत जाते. असं काही नसेल, तर ‘मुद्दाम’ हा शब्द आपण नंतर शोधून काढलेला असतो. मीही मास्तरांच्या बाबतीत दोन वर्षं तेच सांगत होतो.

१७. शॉर्टफिल्ममध्ये एवढं सगळं कुठे बसणार?

दहा मिनिटांत एक इच्छा, दोन प्रयत्न आणि एक न परतवता येणारी कृती बसते. धक्का सिनेमा सुरू होण्याआधीच बसलेला असू द्या. उठणं, दात घासणं, चहा हे सीन काढा. आलेल्या दर तीन शॉर्टफिल्ममध्ये एक गजर वाजून सुरू होते.

१८. माझा ड्राफ्ट लिहून झालाय. आता दुरुस्ती कुठून सुरू करू?

संवादांपासून नक्कीच नको. प्रत्येक सीनसाठी कोऱ्या पोस्टकार्डएवढ्या कागदावर एकच वाक्य लिहा: कोणी काय केलं. कागद जमिनीवर ओळीनं मांडा. नायक कर्ता आहे त्या कागदाच्या कोपऱ्यात हळदीचं बोट लावा (पेनानं खूण केली तरी चालेल, पण आमच्याकडे हळद सवंग आहे). मग उभं राहून बघा. सुरुवातीला पिवळं कमी आणि शेवटाकडे जास्त असेल, तर काळजी नाही. मधला पट्टा पांढरा असेल, तर तुमचा इंटरव्हलनंतरचा भाग झोपलेला आहे. जास्त करून तिथेच असतो.

मग लागोपाठच्या दोन कागदांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ घालून वाचा. “आणि मग” एवढंच बसत असेल, तर त्या दोघांपैकी एक सीन जाऊ शकतो. हे करायला एक संध्याकाळ लागते. घरात लहान मूल असेल तर दार लावून करा, माझे बारा सीन एकदा भाच्यानं विमानं करून गच्चीवरून सोडले. त्यातल्या नऊंची नंतर आठवणसुद्धा झाली नाही.

१९. तुम्हाला पटकथा पाठवू का?

आधी वन लाइन पाठवा. सात-आठ वाक्यं, वर्तमानकाळात. पाठवण्याआधी प्रश्न ३ प्रमाणे ‘ला’ मोजा आणि आकडा खाली लिहा. मोठा असला तरी लपवू नका. रविवारी वाचन साडेनऊला सुरू होतं, चहा साडेदहाला. पानं छापून आणणार असाल, तर एका बाजूला छापा, मागच्या बाजूवर आम्ही लिहितो.